दर, सादर, चादर

पावसाळ्यात राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपसूक उघडू लागतात. पाणी ठरल्या पातळीला टेकलं की झालं. मजकुरातला शब्द शोधून बदलायचा नमुना, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, लिहिताना मला ते दरवाजे आठवतात. नमुना एकदा ठरवून दिला, की जिथं जुळेल तिथं बदल होणारच.

अशाच पावसात गावी बसून मी एका दूध संस्थेच्या हिशेबाचा पायथनमधला प्रोग्रॅम दुरुस्त करत होतो. कोडमधल्या मराठी मजकुरात 'दर'च्या जागी 'भाव' करायचं होतं. नुसतंच बदललं तर 'दरमहा'चं 'भावमहा' होणार, म्हणून दोन्ही बाजूंना शब्दाची सीमा दाखवणारी खूण, बॅकस्लॅश बी, लावली. तरी पहिल्याच कागदावर छापून आलं, 'अहवाल साभाव'.

कारण कान्यात होतं. युनिकोडमध्ये 'सा' म्हणजे दोन संकेत, 'स' आणि त्यापुढे काना. पायथनची नेहमीची लायब्ररी काना-वेलांटीला शब्दाचा भाग धरत नाही. तिच्या लेखी कान्यापाशी शब्द संपतो आणि पुढचा 'दर' सुटा पडतो. 'चादर'चंही तेच. 'आदर' मात्र वाचतो, कारण 'आ' हा स्वतंत्र स्वर. 'राधानगरी'तले शब्द मागितले, तर 'र', 'ध' आणि 'नगर' असे तुकडे हाती आले. गावाचं नाव असं तुटलेलं बघून वाईट वाटलं. रेग्युलर एक्स्प्रेशनची कल्पना मांडणाऱ्या स्टीफन क्लेनीच्या १९५६ सालच्या मूळ गणितात मात्रा वगळा असं काही नाही; अक्षर कशाला म्हणायचं ते आपणच ठरवायचं असतं. चूक अवजार घडवताना राहिली.

मग सीमेची खूण काढली आणि मागंपुढं डोकावणारी अट घातली: शेजारी देवनागरीचं अक्षर किंवा मात्रा असेल तर हात लावायचा नाही. 'सादर' सुटला, पण 'दराने'ही सुटला! त्याचं 'भावाने' व्हायला हवं होतं. मराठी शब्द प्रत्यय लागला की रूप बदलतो. 'कोल्हापूर'चा दीर्घ ऊकार 'कोल्हापुरात' ऱ्हस्व होतो. ही सामान्यरूपं नमुन्यात एकेक करून लिहावी लागतात, आणि त्या कामाला मी कंटाळत नाही. त्यासाठी व्याकरणाचं पुस्तक लॅपटॉपशेजारी असतं.

आता बदल करण्याआधी जुळलेली प्रत्येक ओळ नुसती छापून वाचतो. चाचणीची फाईल वेगळी ठेवली आहे: दर, दराने, दरांचा, दरमहा, सादर, चादर, आदर. काल त्यात 'दरी' घातला.