जुनं बत्तीस बोअर

चाकणजवळच्या एका बागायतदार काकांकडे तीन हत्यारं होती: वडिलांची दुनळी, शेतराखणीची रायफल आणि वेब्ली अँड स्कॉटचं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला. परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं, आणि तिसरं वर्षभरात हातावेगळं करणं काकांना भाग पडलं. "दुनळी वडिलांची, ती जाणार नाही. रायफलीवाचून शेत राखता येत नाही. हे तू बघ," ते मला म्हणाले.

माझी भोसरी एमआयडीसीत टूलरूम आहे. कामगारांचा पगार बँकेतून रोखीनं आणायचो, तेव्हापासून माझ्याकडे परवाना आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर आहे. ते वेब्लीच्याच आराखड्यावर बेतलेलं. मूळ कसं असतं, हे हातात घेऊन पाहायची ओढ कितीतरी वर्षांची.

काकांनी अंगठ्यानं कळ दाबली, नळी खाली झुकली, सिलिंडरची सहाही घरं रिकामी दाखवली, मगच माझ्या हातात दिलं. वेब्लीची ही मोडून उघडायची रचना मला फार आवडते. बिजागरी आणि कळ यांच्यावर सगळा भार, आणि तिथेच झीज आधी दिसते. नळी धरून हलवली, खडखड नाही. घोडा हळूच मागे घेतला, सिलिंडर जागी अडकलं आणि बोटानं फिरवून पाहिलं तरी हललं नाही. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीत चार थाउची, म्हणजे इंचाच्या चार हजारांशांची, फीलर पट्टी जाईना. पांढरा कागद धरून नळीतले आटे पाहिले: स्वच्छ, कडा शाबूत. सांगाड्यावर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे. नळीच्या टोकाशी चामड्याच्या म्यानानं घासून निळा रंग उडाला होता, तो मी तसाच ठेवलाय. जुन्या हत्याराला नवं पॉलिश चढवणं म्हणजे त्याची किंमत स्वतःच्या हातानं उतरवणं.

आज आमच्याकडे सीएनसी दोन मायक्रॉनच्या गप्पा मारतं. तरी कानस घेऊन एकेक भाग दुसऱ्याला बसवणाऱ्या फिटरचा हात ओळखू येतो, आणि या हत्याराच्या प्रत्येक सांध्यात तो हात आहे. मी पैसे त्यासाठी दिले. भाव चढा असायचं कारण वेगळं: १९८०च्या दशकात सामान्य माणसासाठी आयात बंद झाली आणि देशात आलेलं विलायती हत्यारच हातोहात फिरत राहिलं. लग्नात कमरेला मिरवायला ते घेणाऱ्यांबद्दल मला चीड आहे.

जुनं म्हणजे बिनपरवाना चालतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पुराणवस्तूला सूट मिळते ती दुरुस्त करूनही उडणार नसेल तरच. मला दुसऱ्या हत्याराची परवानगी काढावी लागली, काकांनी विक्रीची लेखी सूचना दिली आणि कायद्यातले ४५ दिवस गेल्यावरच ते माझ्या परवान्यावर चढलं.

माझ्यासारख्या चिंचवडच्या माणसाला या विषयात चापेकर बंधू आठवणारच. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत त्यांनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली, त्याच वर्षी बर्मिंगहॅमात वेब्ली आणि स्कॉट एकत्र आले. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची अट घातली होती, युरोपियनांना ती माफ होती. आज माझ्या परवान्यावर ज्या पोलीस आयुक्तालयाचा शिक्का आहे ते चापेकरांच्याच गावात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

काडतुसं मी देशी वापरतो, बुडावर 'केएफ', म्हणजे आपली खडकी. निवडणुका लागल्या की दोन्ही हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. देण्याआधी नळीत तेलाचा बोळा फिरवतो आणि परत आणल्यावर फीलर पट्टी घेऊन पहिल्यांदा तीच फट तपासतो. चार थाउची पट्टी अजून आत जात नाही.