शिकवणारा म्हातारा

पोरांच्या मारामारीच्या सिनेमात एक म्हातारा असतोच. अंगाने किरकोळ, बोलायला मोजका, अंगण झाडत नाही तर झाडांना पाणी घालत बसलेला. गल्लीतल्या दांडगटांनी पोराला बडवलेलं असतं, आईबाप आपल्या व्यापात असतात, आणि हा म्हातारा एवढंच म्हणतो, उद्या सकाळी ये. बाकीच्यांना शेवटची लढत आठवते, विजयी लाथ आठवते. मला ती सकाळ आठवते. गेली पस्तीसेक वर्षं मी हे सिनेमे पाहत आले ते त्या सकाळसाठी.

आमच्या कोंढ्यात हे सिनेमे गणपतीत आले. भंडारा-पवनी रस्त्यावरचं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं आमचं गाव. भाद्रपदात रोवणी आटोपलेली असते, निंदण सरत आलेलं असतं, माणसं थोडी मोकळी होतात. मंडळाची पोरं वर्गणीतून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायची आणि चौकात रात्रभर कॅसेटी चालायच्या. पहिली देवाधर्माची, दुसरी हिंदी, आणि म्हाताऱ्याकोताऱ्या पेंगायला लागल्या की ‘कराटेची’. पडद्यावर मुंग्या आल्या की व्हीसीआरवाला झाकण उघडून हेड पुसायचा, कधी स्पिरिटने, कधी करकरीत नोटेने. तेवढ्यात पोट्टे एकमेकांवर लाथा झाडून घ्यायचे. ब्रूस ली २० जुलै १९७३ ला हाँगकाँगमध्ये वारला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. ‘एंटर द ड्रॅगन’ पडद्यावर लागलेला त्याने पाहिलाच नाही. आमच्या चौकात मात्र तो दर गणपतीत नव्याने जिवंत व्हायचा.

एका वर्षी त्या ढिगात ‘द कराटे किड’ आला. सिनेमा १९८४ चा, आमच्यापर्यंत पोहोचायला त्याला काही वर्षं लागली. इंग्रजी आम्हाला ओ का ठो कळत नव्हतं. पण नव्या गावात आलेला एकटा पोरगा कळला, त्याला मारणारी पोरं कळली, आणि मियागी नावाचा तो बुटका जपानी म्हातारा तर फारच कळला. तो पोराला मोटारी पुसायला लावतो, लाकडी फरशी घासायला लावतो, कुंपण रंगवायला लावतो. हात असा वर, असा खाली, असा गोल. दिवसच्या दिवस तेच. शेवटी पोरगा भडकतो, मी काय तुझा गडी आहे का म्हणतो. तेव्हा म्हातारा त्याच्यावर ठोसे टाकतो आणि पोराचा हात आपोआप वर येऊन प्रत्येक ठोसा अडवतो. माझा आजा माझ्या पाठीमागे बसला होता. त्याने मांडीवर थाप मारली. “बराबर हाय बुढ्याचं. आधी हात तयार करते, मंग सांगते.”

आज्याला ते पटायचं कारण होतं. तरुणपणी तो आखाड्यातला. लाठी, पट्टा, बनेटी सगळं खेळलेला. नागपंचमीला आखाड्याची पूजा त्याच्या हातची असायची. माझ्या भावाला आणि चुलतभावांना तो अंगणात लाठी शिकवायचा. लाठी भरीव बांबूची, पोराच्या कानापर्यंत उंच, जवसाचं तेल पाजून पाजून काळपट झालेली. मारायचं कसं, हे तो कितीतरी दिवस सांगतच नसे. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं करायचा आणि लाठी फिरवायला सांगायचा, भिंतीला लागू न देता. लाठी भिंतीवर आपटली की आवाज घरभर जायचा आणि पोरगा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. आजा रागवायचा नाही. त्याच्याकडे वेळ होता. आज मला वाटतं, त्याच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती.

मुलींना तिथे जागा नव्हती. कोणी हाकलत नव्हतं, बोलावतही नव्हतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. मग गोठ्यामागे जाऊन बैल हाकायची तुतारी घ्यायची आणि पाहिलेलं तसंच फिरवायची. एकदा आजा वैरण टाकायला आला नि थबकला. मला वाटलं, आता तुतारी हिसकावून घेणार. तो म्हणाला, “मनगट ढिलं सोड वं पोरी,” आणि वैरण टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा पायांकडे पाहून म्हणाला, “मागचा पाय रोव.” असं रोज एक वाक्य. अंगणातल्या रांगेत त्याने मला कधी घेतलं नाही, पण गोठ्यातली त्याची वैरण टाकायची वेळ पुढे माझ्या वेळेप्रमाणे सरकत गेली.

ती वाक्यं घेऊन मी अमरावतीला गेले. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षण शिकायला. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभी केलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ तिथे करून दाखवले होते. वऱ्हाडातल्या आखाड्याची माती युरोपापर्यंत पोहोचली होती, हे मला तिथे कळलं आणि आज्याबद्दल नव्याने आदर वाटला. तोपर्यंत माझ्यासाठी तो एका गावातला हौशी म्हातारा होता. तिथे तो एका मोठ्या परंपरेतला माणूस झाला.

त्याच सुमारास केबल आली, आणि सुट्टीत नागपूरला भावाकडे गेले की मी असे सिनेमे हुडकून पाहायची. १९९२ चा ‘थ्री निंजाज’ मी तिथे पाहिला. तीन सख्खे भाऊ दर उन्हाळ्यात आजोबांच्या घरी राहायला जातात. आजोबा मोरी त्यांना निंजाची विद्या शिकवतात आणि प्रत्येकाला नवं नाव देतात, रॉकी, कोल्ट, टम टम. बाप सरकारी तपास अधिकारी, त्याला सासऱ्याचे हे उद्योग पसंत नाहीत. बाप ज्याच्या मागावर असतो तो शस्त्रांचा सौदागर पोरांनाच पळवून नेतो, आणि पोरं आजोबांच्या शिकवणीच्या जोरावर सुटतात. समीक्षकांनी या सिनेमाला फारसं मानलं नाही. पळवणारे गुंड इतके बावळट आहेत की त्यांची भीती वाटत नाही, हा आक्षेप मलाही मान्य आहे. पण उन्हाळ्याची सुट्टी, आजोबांचं घर, तीन नातू आणि पहाटेची तालीम एवढं एकत्र पाहिल्यावर मला आमचं अंगण दिसलं. शेजारची एक मुलगी त्यातही आहे, आणि ती शिकणाऱ्यांत नाही, हेही लगेच दिसलं.

या सिनेमामागच्या माणसाची हकिकत मला खूप नंतर वाचायला मिळाली. निर्मात्यांमधला ‘सायमन शीन’ म्हणजे दक्षिण कोरियाचा मोठा दिग्दर्शक शिन संग-ओक. १९७८ मध्ये त्याची आधीची पत्नी, अभिनेत्री चोई उन-ही हिला हाँगकाँगमधून उत्तर कोरियात पळवून नेलं, आणि त्याच वर्षी त्यालाही. तिथल्या सत्ताधाऱ्याचा मुलगा किम जोंग-इल याला आपल्या देशासाठी चांगले सिनेमे काढून हवे होते. शिनने पळून जायचा प्रयत्न केला, पकडला गेला, काही वर्षं तुरुंगात राहिला. पुढे दोघांची भेट झाली, त्यांनी हुकमाप्रमाणे सिनेमे काढले, विश्वास मिळवला, आणि १९८६ मध्ये व्हिएन्नाला गेले असताना पाळत ठेवणाऱ्यांना चुकवून अमेरिकेच्या दूतावासात शिरले. सुटल्यावर काही वर्षांनी हा माणूस पळवलेल्या पोरांचा सिनेमा उभा करतो, ज्यात पोरं स्वतःच्या हिमतीवर सुटतात आणि आपल्या घरी येतात. मालिकेतला ‘नकल अप’ तर त्याने स्वतः दिग्दर्शित केला. हे कळल्यावर मी ‘थ्री निंजाज’ पुन्हा पाहिला. गुंड तसेच बावळट होते. पण आता मला त्या बावळटपणामागे एका माणसाची तळमळ दिसत होती. पळवणारे इतके मूर्ख असते तर किती बरं झालं असतं, असं त्यालाही वाटलं असेल.

मियागी झालेल्या पॅट मोरिटाची हकिकतही तितकीच विलक्षण आहे. दुसऱ्या वर्षी मणक्याचा क्षय झाला आणि बालपण दवाखान्यात गेलं. हा चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. अकराव्या वर्षी चालत बाहेर आला तो थेट ॲरिझोनातल्या छावणीत, कारण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना डांबून ठेवलं होतं. कराटे त्याला येत नव्हतं, पडद्यावरची अवघड कामं त्याच्या जागी फुमियो देमुरा या कराटे शिक्षकाने केली. तरी पोरावर हात ठेवून थांबणं, त्याच्या रागाला वाट देणं, हे मोरिटाचं स्वतःचं होतं. त्याला त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये ‘द नेक्स्ट कराटे किड’ आला, तेव्हा त्याच मियागीपुढे एक मुलगी उभी होती, हिलरी स्वँक. आईबाप गमावलेली, सगळ्या जगावर चिडलेली. हा सिनेमा आधीच्यांपुढे फिका आहे. तरी मला तो त्या सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो आणि त्याबद्दल मी कोणाशी वाद घालत नाही.

या सिनेमांशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून आहे. गाणं सुरू होतं, पोरगा धावतो, पडतो, उठतो, सूर्य उगवतो, मावळतो, आणि गाणं संपतं तेव्हा तो तयार असतो. शाळेतल्या मुली हे पाहून येतात आणि आठवड्यात मला विचारतात, बाई, आम्ही कधी तयार होणार? पडद्याने तीन मिनिटांत गुंडाळलेली वर्षं मला त्यांना परत उलगडून दाखवावी लागतात. ‘द कराटे किड’ एवढा टिकला तो यामुळेच, असं मला वाटतं. तो कुंपण रंगवण्यावर रेंगाळतो, आणि पाहणाऱ्यालाही पोराइतकंच कंटाळू देतो.

मी शिकवते ती शाळा पवनीकडची. सरकारी शाळांतल्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असतं, तीन महिन्यांचं, त्यात कराटेचे धडे येतात. तीन महिन्यांत हात कुठे ठेवायचा एवढं कळतं, म्हणून पुढचा सराव मी वर्षभर चालू ठेवते. फेब्रुवारीत पवनीजवळ रुयाड-सिंदपुरीच्या महास्तूपाच्या उत्सवाला जपानहून भिक्खू येतात. मुली त्यांना पाहून येतात आणि हमखास विचारतात, यांना कराटे येत असेल का? मग मी त्यांना ओकिनावाची गोष्ट सांगते. कराटे तिथलं. लपूनछपून, एकेका शिष्याला शिकवायची ती विद्या. १९०१ मध्ये इतोसू आंको नावाच्या सत्तरीच्या माणसाने ती शुरीच्या प्राथमिक शाळेत नेली. पुढे त्याने मुलांना झेपतील अशा छोट्या कवायती बांधल्या, त्या अजून जगभर शिकवल्या जातात. मियागी हे नावही तिथलंच, गोजू-र्यू या कराटेच्या शैलीचे गुरू चोजुन मियागी यांच्यावरून घेतलेलं. मुली हे ऐकताना एकदम गप्प होतात. शाळा म्हटल्यावर त्यांना ती गोष्ट आपली वाटते.

सुरुवात मुठीपासून. चार बोटं टोकांपासून घट्ट दुमडायची, आणि अंगठा बाहेरून, दोन बोटांवर आडवा. जवळजवळ प्रत्येक मुलगी पहिल्यांदा अंगठा आत घेते. जपून ठेवायची वस्तू मुठीत दडवावी तसा. तसा ठोसा मारला तर अंगठाच मोडतो. मी प्रत्येकीचा हात हातात घेऊन अंगठा बाहेर काढते. मग मनगट सरळ. मग पाय. इथे मला फार सांगावं लागत नाही, कारण या मुली चिखलात वाकून परे लावलेल्या आहेत. गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून, पाय रोवून तासन् तास राहणं त्यांच्या अंगात आहे. शहरातल्या मुलांना जी बैठक महिनोन् महिने जमत नाही, ती माझ्या सातवीतल्या पोरी सहज घेतात.

रोवणीच्या दिवसांत निम्म्या मुली शेतावर असतात, म्हणून यंदा सराव सकाळी शाळेआधी ठेवलाय. मागे एका मुलीसोबत तिची आजी आली, नात एवढ्या सकाळी कुठे जाते ते पाहायला. पारावर बसून सगळं पाहिलं आणि म्हणाली, मलेबी दाखवा बाई, मूठ कशी धरतेत ते. मी पुढे व्हायच्या आत नातीनेच तिचा अंगठा धरून बाहेर काढला. आता ती बाई शेणगोठा उरकून बरेचदा येते, शेवटच्या रांगेत उभी राहते, हातांचं सगळं करते आणि लाथांची वेळ आली की पारावर जाऊन बसते. तिथून ती नातीला ओरडून सांगते, मागचा पाय हलते तुया.