बघ्याचे कर्तव्य

'बघ्या' हा शब्द मराठीत कोणी आदराने उच्चारीत नाही. कायद्याने मात्र ह्या बघ्याला फार सांभाळून घेतले आहे. मेकॉलेने १८३७ साली हिंदी दंडसंहितेचा मसुदा सिद्ध केला, तेव्हा त्याच्या टिपणांत एक दाखला दिला होता. मीरतेच्या रोग्यावर शस्त्रक्रिया करू शकणारा साऱ्या हिंदुस्थानात एकच शस्त्रवैद्य असला आणि तो कलकत्त्याहून तेथे गेला नाही, तरी त्याला खुनी ठरविता येणार नाही. कैद्याला उपाशी ठेवणारा तुरुंगाधिकारी दोषी, वाटसरू नव्हे. २०२४ साली संहितेचे नाव पालटले, तत्त्व तेच राहिले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बंगळूरजवळ नेलमंगल येथे ट्रकखाली सापडून एका तरुणाच्या देहाचे दोन तुकडे झाले. तो शुद्धीवर होता, मदत मागत होता, आणि कोणी त्याचे चित्रण करीत होते! तशा स्थितीतही त्याने आपले अवयव दान करण्यास सांगितले. मृत्यूनंतर त्याचे डोळे दान झाले. भोवती जमलेल्या इतक्या डोळ्यांपुढे त्याने डोळेच देऊन जावे, ह्यावर आम्ही काय लिहावे?

पुढे त्याच्या नावाने राज्य सरकारने अपघातग्रस्तांसाठी पहिल्या ४८ तासांच्या मोफत उपचारांची योजना काढली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. कर्नाटकाने तर स्वतंत्र कायदाच केला, आणि २०१८ साली त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. जखमीला रुग्णालयात पोचविणाऱ्यास आता तेथे अडकवून ठेवता येत नाही, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

आम्हां येथील मराठी मंडळींचे समर्थन जरा निराळे असते: 'आपण परके, कन्नड धड येत नाही, चौकीत काय सांगणार?' भाजीवाल्याशी घासाघीस करताना मात्र हेच कन्नड कोठून येते, कोण जाणे.

फ्रान्समध्ये व जर्मनीत शक्य असून मदत न करणे हा गुन्हा आहे. येथेही तसे असावे, असे आमचे काही वकील मित्र म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. शिक्षेचे भय घातले की बघ्या प्रथम पळ काढील. आज तो निदान उभा असतो. त्याला हाक मारता येते. आणि 'स्वल्प इल्लि बन्नि', जरा इकडे या, एवढे कन्नड आम्हां सर्वांस येते.