पुतण्या कोच होणार

कॉलेजचा फुटबॉल म्हणजे फार तर एक प्रमाणपत्र, असं आमच्या जामसांवली गावात बसून मला वाटायचं. पोरगा मोठ्या क्लबात गेला तर उत्तम, नाहीतर संत्र्याचा बगीचा आहेच. आणि ज्याचं खेळाडू म्हणून जमत नाही तो कोच होतो, असं मी चारचौघांत बोलायचो. पुतण्या नागपूरच्या कॉलेज टीममध्ये खेळतो. "काका, मला कोचच व्हायचंय," म्हणाला, तेव्हा त्यालाही हेच ऐकवलं.

आता मी तसं म्हणणार नाही. कारण नागपुरातच सापडलं.

विजय बारसे तिथल्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. 2001 च्या सुमारास झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी पोरांना बॉल दिला. त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल', पुढे 'स्लम सॉकर' उभं राहिलं. 2016 मध्ये स्लम सॉकरला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. 'झुंड' चित्रपटामुळे हे पुष्कळांना ठाऊक आहे. माझं मत मात्र एका नियमानं हललं.

तो नियम होमलेस वर्ल्ड कपचा. बेघरांची ही फुटबॉल स्पर्धा 2003 पासून भरते. छोटं मैदान, चौघांची टीम, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. आणि खेळाडूला त्यात आयुष्यात एकदाच उतरता येतं! पोराला एवढ्या उंचीवर न्यायचं आणि पुन्हा येऊ नको म्हणायचं, हा मला अन्यायच वाटला. मग स्लम सॉकरच्याच अखिलेश पॉल यांच्याबद्दल कळलं. गुन्हेगारीच्या वाटेवरून ते मैदानात आले, 2010 मध्ये रिओला भारताकडून खेळले आणि परतून पोरांचे कोच झाले. 2014 मध्ये 'सत्यमेव जयते' या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी हे स्वतः सांगितलं. रिओची स्पर्धा आठवडाभराची. त्यांचं खरं काम त्यानंतरचं.

रोज ठरल्या वेळी मैदानावर हजर राहायचं, एखादं पोर दोन दिवस दिसलं नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारायचं, हरलेल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचं. बिघडू शकणाऱ्या वयात पोरांना अशी माणसं लागतात, आणि आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे ती फार कमी आहेत. हे काम गोल मारण्यापेक्षा कमी कसं?

कमाईची काळजी अजून आहे. लहान गावात कोचला किती मिळणार, हा प्रश्न मी पुतण्यासमोर पुन्हा ठेवला. पण सोबत सांगितलं, आधी कोचिंगच्या डी लायसन्सचा कोर्स कर, पैशांचं मी पाहतो. आणि इकडे बॅच सुरू करशील तेव्हा पहिल्या दिवसापासून मुलींनाही घे.