किती गमावलेले चालेल?

‘बाई, किती गमावलेलं चालेल?’

हा प्रश्न मला माझ्या एका माजी विद्यार्थ्याने विचारला. बारावीला तो माझ्याकडे मराठी शिकला, पुढे अभियंता झाला आणि आता पुण्यात बसून कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. आमच्या महाविद्यालयावर जी आपत्ती आली, तिच्या निवारणासाठी संस्थेने त्याला बोलावले होते. त्याच्यासमोर एक छापील तक्ता होता, आणि पहिल्या रकान्यावर ‘आरपीओ’ अशी तीन अक्षरे होती. तो रकाना भरण्यासाठीच त्याने विचारले. प्रश्नात उपरोध नव्हता. मला मात्र उत्तर देता येईना, कारण जे गमावले होते ते मीच गमावले होते.

आधी ती हकीकत. गेली सहा वर्षे आमचा विभाग वऱ्हाडी बोलीतील शेतीविषयक शब्द जमवीत आहे. गावोगाव जायचे, म्हाताऱ्या माणसांना बोलते करायचे, ध्वनिमुद्रण उतरवून घ्यायचे आणि सर्व काही महाविद्यालयाच्या सर्व्हरवर ठेवायचे, असा आमचा शिरस्ता. सर्व्हरमध्ये दोन तबकड्या होत्या. एकीवर जे लिहिले जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिले जाई, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. शिवाय रोज रात्री दोन वाजता एका बाहेरच्या तबकडीवर प्रत निघत असे. निदान आमची तशी समजूत होती.

माघात एके संध्याकाळी मी माझ्या लॅपटॉपवरचा संग्रह सर्व्हरवरच्या संग्रहाशी ‘सिंक’ केला. लॅपटॉपवरचा संग्रह जुना होता. यंत्राने विचारले की दोन्हींत फरक आहे, कोणता खरा मानू? मी घाईत जुन्याकडे बोट दाखविले. जे जुन्यात नव्हते ते सर्व्हरवरून पुसले गेले आणि दुसऱ्या तबकडीने तो पुसण्याचा व्यवहारही तितक्याच निष्ठेने त्याच क्षणी उतरवून घेतला. रात्रीची प्रत पाहावी तर बाहेरची तबकडी अकरा दिवसांपूर्वीच भरली होती. यंत्र रोज पहाटे तक्रारीचे पत्र धाडत होते, पण ते जात होते दोन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झालेल्या एका सद्गृहस्थांच्या पत्त्यावर.

अकरा दिवस गेले. ध्वनिमुद्रण यंत्रातील कार्ड मी शिरस्त्याप्रमाणे रिकामे केले होते. त्या अकरा दिवसांत एका आजीबाईंबरोबरच्या तीन संध्याकाळी होत्या. नव्वदी ओलांडलेली ती बाई, सारे आयुष्य कापूस वेचण्यात गेलेले. शेवटच्या दिवशी निघताना तिने विचारले होते, ‘सारं लिवून घेतलं ना व माय? मी मेल्यावर कोनाले इचारशीन?’ मी हसून म्हटले, ‘सगळं यंत्रात आहे, आजी.’ त्यानंतर आठ दिवसांतच ती गेली. माझा पराक्रम त्याच्याही नंतरचा.

तर, किती गमावलेले चालेल? तो मला समजावून सांगत होता, की आरपीओ म्हणजे बिघाड झालाच तर मागे किती वेळापर्यंतचे काम बुडाले तरी संस्था तग धरील, त्याची आधीच ठरवलेली मर्यादा. हे माप वेळेचे असते. रोज रात्री एकदा प्रत काढणाऱ्याने चोवीस तास गमावण्याची मनोमन तयारी केलेली असते, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. आम्ही अकरा दिवस गमावण्याची तयारी केली होती आणि आम्हाला ते ठाऊक नव्हते. याच्या जोडीला आरटीओ. आपल्याकडे या अक्षरांनी वाहनपरवान्याचे कार्यालयच डोळ्यांपुढे उभे राहते, ते सोडून द्यावे. इथे अर्थ असा, की बंद पडलेले काम किती वेळात पुन्हा सुरू झाले पाहिजे. मला त्याच्याशी फारसे कर्तव्य नव्हते. शब्दसंग्रह महिनाभर बंद राहिला तरी कुणाचे काही अडत नाही. बँकेचे अडते.

संस्थेने ठरविले की यापुढचे धोरण लेखी असावे आणि मराठीत असावे. परिभाषेचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी ते प्रायश्चित्त म्हणून घेतले. ‘पुनर्प्राप्ती बिंदू उद्दिष्ट’ अशी शब्दशः जुळणी करून मोकळे होणे सोपे होते, पण असल्या मराठीतून कोणाला काही कळते, यावर माझा विश्वास नाही. आरपीओला मी ‘हानिमर्यादा’ म्हटले आणि आरटीओला ‘खंडमर्यादा’. विद्यार्थ्याने डोके खाजवले, पण हरकत घेतली नाही.

‘स्नॅपशॉट’पाशी मात्र आमचा पहिला वाद झाला. मी ‘क्षणचित्र’ असा शब्द सुचविला आणि तो म्हणाला, ‘पण बाई, हे चित्र नसतं.’ मला वाटले होते, त्या क्षणी सगळ्या मजकुराची नक्कल निघते. तसे नाही. एका पद्धतीत तर त्या क्षणी जवळजवळ काहीच उतरवले जात नाही. यंत्र फक्त एवढे ठरवते की आता जे आहे ते मोडायचे नाही. पुढे एखाद्या जागी नवा मजकूर लिहायची वेळ आली, तर आधी तिथला जुना मजकूर उचलून बाजूला ठेवायचा आणि मगच नवा लिहायचा. जे बदललेच नाही ते दोघांत सामाईक राहते. विंडोजमध्ये या सोयीला ‘शॅडो कॉपी’ असे नाव आहे. छायाप्रत हा शब्द आपण झेरॉक्ससाठी आधीच खर्च करून बसलो आहोत, नाहीतर इथे तो किती शोभला असता! छायेला देहापासून वेगळे अस्तित्व नसते. मूळ तबकडी जळाली तर तिच्यावरची छायाही जळते. म्हणून केवळ क्षणचित्रांवर विसंबणाऱ्याला हे लोक कच्चा समजतात.

दुसरी अडचण क्षणाची. यंत्र एखादा व्यवहार अर्धवट लिहीत असताना क्षणचित्र घेतले, तर चित्रात ते अर्धे वाक्यच येते. वीज जाऊन बंद पडलेल्या यंत्राची जी अवस्था, तीच त्या प्रतीची. ते टाळण्यासाठी आधी विदागाराला सांगावे लागते, की हातातले वाक्य पुरे कर आणि पळभर थांब. या दोन प्रकारांना दोन लांबलचक इंग्रजी नावे आहेत. मी ‘अपुरी प्रत’ आणि ‘पुरी प्रत’ असे लिहून पुढे सरकले.

माझे मन खरे रमले ते अखंड प्रतीच्या कल्पनेत. पंधरा-पंधरा मिनिटांनी क्षणचित्रे घेणे हे नुसते जवळपास अखंड. खऱ्या अखंड पद्धतीत तबकडीवर होणारे प्रत्येक लेखन घडताक्षणीच वेगळे टिपले जाते, कोणत्या वेळी, कोणत्या जागी, काय, अशा क्रमाने. या टिपणवहीला इंग्रजीत ‘जर्नल’ म्हणतात. मला शब्द शोधावा लागला नाही. आमच्या वडिलांचे अडत्याचे दुकान होते आणि घरात रोजकीर्द होती. व्यवहार झाला की त्याच क्रमाने रोजकीर्दीत नोंद, आणि मग सवडीने खतावणी. खतावणी उंदरांनी खाल्ली तरी रोजकीर्द शाबूत असेल तर पुन्हा मांडता येते, असे वडील म्हणत. अखंड पद्धतीचे मर्म नेमके हेच आहे. जुनी एक पूर्ण प्रत घ्यायची आणि रोजकीर्दीतील नोंदी हव्या त्या क्षणापर्यंत तिच्यावर चढवीत यायच्या. माझ्या घातकी बोटाच्या एक सेकंद आधीपर्यंत. मी केलेला नाशही रोजकीर्दीत नोंदला गेला असता, पण त्याच्या आधीचे पानही शिल्लक राहिले असते. दोन जुळ्या तबकड्यांत आणि यात फरक आहे तो एवढाच. जुळी तबकडी फक्त वर्तमान जाणते. खंडणीखोर विषाणूंनी फायली कुलूपबंद केल्या तर तीही आज्ञाधारकपणे कुलूपबंद होते.

अर्थात रोजकीर्द अनंत काळ ठेवता येत नाही. काही दिवसांनी जुन्या नोंदी मूळ प्रतीत मिसळून टाकतात आणि मग मधल्या क्षणांकडे परतण्याची वाट बुजते. या मुदतीला मी ‘जतनकाल’ म्हटले. चूक लक्षात यायला जितके दिवस लागतात, त्याहून जतनकाल मोठा हवा. आता, आपली चूक आपल्या किती दिवसांनी लक्षात येते हे कोण सांगणार!

‘फेलओव्हर’ला मराठी शब्द मिळाला नाही, पण चित्र मिळाले. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा येऊन उभा राहतो आणि वीणा गळ्यातून गळ्यात जाते. एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने काम उचलायचे ते असेच. आमच्या विद्यार्थ्याला हे इतके आवडले, की पुण्याच्या बैठकीत आपण हेच सांगणार, असे तो म्हणाला.

इथे एक विषयांतर करावेसे वाटते, आणि खरे तर ते विषयांतर नाही. वेदपाठाच्या घन-जटा पद्धतींना ‘प्राचीन बॅकअप’ म्हणण्याची हल्ली टूम आहे, तिच्यात मला पडायचे नाही. पण आमच्या अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर आहे. तिथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडून विचारून घेऊन लीळाचरित्र सिद्ध केले. चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. दुसरी प्रत नव्हती, पण माणसे होती. हिराइसेसारख्या शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, आणि तिच्या नावाचा पाठ आजही अभ्यासक ओळखतात. वेगवेगळ्या स्मृतींतून वेगवेगळे पाठ आले. महानुभावांनी ते भेद दडपले नाहीत. ‘वासना’ या नावाने त्यांची नोंद ठेवली. पुढे त्यांनी पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत लिहिल्या. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ली हाती येईपर्यंत हे वाङ्मय बाहेरच्या अभ्यासकांना बंदच राहिले. कूटबद्ध प्रत आणि तिची किल्ली यांविषयी आमच्या धोरणात एक परिच्छेद आहे. तो लिहिताना मला दुसरे उदाहरण सुचेना.

मी हे सारे विद्यार्थ्याला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, ‘पण बाई, हे रिस्टोअर नाही. आमच्याकडे एक बिट इकडचा तिकडे झाला तरी प्रत बाद. वासना ठेवायची सोय नाही.’ त्याचे खरे होते. हिराइसेने केले ते पुनःस्थापन नव्हे. पण ती नसती तर पाठभेद करायलाही ग्रंथ उरला नसता, हेही तितकेच खरे. आम्ही दोघेही आपापल्या जागी अडून राहिलो.

त्याने मला एक अलीकडची गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. लक्षात येईपर्यंत मुख्य विदागाराचा जवळजवळ सर्व मजकूर गेला होता. प्रती राखण्याच्या पाच वेगवेगळ्या तऱ्हा त्यांच्याकडे होत्या, आणि ऐनवेळी त्यांपैकी एकही धड कामी आली नाही. प्रत निघत नसल्याची सूचना देणारी पत्रेही कुणापर्यंत पोहोचत नव्हती. (हे ऐकून मला थोडे बरे वाटले, हे कबूल करते.) अखेर त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेले एक क्षणचित्र सापडले आणि सहा तासांचे नुकसान सोसून ते सावरले. कंपनीने सारा वृत्तान्त जाहीर केला आणि त्या माणसाला बळीचा बकरा केले नाही. आमच्या संस्थेनेही मला काही म्हटले नाही. म्हटले असते तर बरे झाले असते.

यावरून धोरणात एक कलम आले: दर तीन महिन्यांनी कोणतीही एक फाईल प्रतीतून परत आणून, उघडून, वाचून पाहावी. जी प्रत कधी परत आणून पाहिली नाही तिला प्रत म्हणू नये. हे वाक्य मी लिहिले आणि व्यवस्थापनाने ते ‘भाषा कडक आहे’ म्हणून वगळले. कलम मात्र राहिले.

तो रकाना शेवटपर्यंत कोराच होता. मी म्हटले, शून्य लिही. तो म्हणाला, शून्यासाठी दूरच्या सर्व्हरकडून ‘पोहोचले’ असा निरोप येईपर्यंत इथल्या प्रत्येक लेखनाने थांबावे लागते. अंतर वाढले की काम रेंगाळते आणि खर्च तर महाविद्यालयाला झेपणारच नाही. त्याने पाच मिनिटे लिहिले आणि जतनकाल तीस दिवस.

चैत्रात मी पुन्हा त्या गावी गेले. माझ्या हातवहीत त्या तीन संध्याकाळच्या काही खुणा उरल्या होत्या. बोलण्याच्या ओघात मी फक्त अर्थ टिपले होते, शब्द यंत्र सांभाळील म्हणून. ‘वेचताना बोंडाच्या टोकाने बोटाला पडणारी चीर – शब्द यंत्रात.’ ‘ओटीत मावेल इतका कापूस – शब्द यंत्रात.’ अशा सतरा नोंदी. आजीबाईंची सून ओसरीवर बसली होती. मी एकेक अर्थ वाचून दाखवीत गेले. नऊ ठिकाणी तिने शब्द सांगितला, दोन ठिकाणी दोन-दोन सांगितले. बाकीच्यांना ती मान हलवीत राहिली.

‘हे माह्या माहेरचे शब्द होत बाई,’ ती म्हणाली. ‘बुढी काय म्हणे, ते मले याद नाही.’

मी तिचे शब्द समोर लिहिले, त्यांच्यापुढे कंसात ‘वासना’ असे लिहिले, आणि सहा जागा रिकाम्या ठेवल्या.