मधली वाट आणि राक्षस

इंदापूर तालुक्यातील कळंब हे गाव नीरा नदीच्या खोऱ्यात, वालचंदनगरच्या अगदी शेजारी आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी या माळरानावर ऊस, साखर कारखाना आणि पुढे यंत्रनिर्मिती आणली, आणि त्या निमित्ताने बाहेरगावची अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांतील एका व्यापारी कुटुंबाचे भुसार मालाचे दुकान आजही गावात आहे. ते चालविणाऱ्या गृहस्थांना सारे गाव अण्णा म्हणते. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. स्वतःविषयी सांगताना ते दोन गोष्टी आवर्जून सांगतात. राजकारणात आपण मध्यममार्गी आहोत, ही पहिली. आपल्याला राक्षसांचे चित्रपट फार आवडतात, ही दुसरी.

पहिली गोष्ट ऐकून माणसे मान डोलावतात, दुसरी ऐकून हसतात. सूर्यास्तापूर्वी जेवणारा आणि पाणी गाळून पिणारा हा माणूस रात्री दूरचित्रवाणीसमोर बसून शहरे तुडविणारी अजस्र श्वापदे पाहतो, हे त्यांच्या सौभाग्यवतींनाही अद्याप पटलेले नाही. "घरात मुंगी पायाखाली आली तर हळहळता, आणि तिथे हे काय पाहता?" असे त्या विचारतात. अण्णांचे उत्तर ठरलेले असते. ज्या चित्रपटात राक्षसाबद्दल शेवटी दुःख होत नाही, तो आपण दुसऱ्यांदा पाहत नाही.

त्यांच्या यादीत पहिला मान १९३३ च्या 'किंग काँग'चा. दूरच्या बेटावर आपल्या जागी सुखात असलेला तो प्रचंड वानर माणसे पकडून न्यूयॉर्कला आणतात, तिकीट लावून त्याचा खेळ मांडतात, आणि तो साखळ्या तोडतो तेव्हा विमानांतून गोळ्या घालून त्याला मारतात. खरा दोष कोणाचा, हे सांगायला पंचांची गरज नाही, असे अण्णा म्हणतात. राक्षस बहुधा माणसेच घडवितात किंवा घरी आणतात, हा त्यांचा सिद्धान्त. आपल्याकडे तो पुराणकाळापासून ठाऊक आहे, अशी पुस्तीही ते जोडतात. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'नंतर लगेच 'मोहिनी भस्मासुर' काढला. ज्याने वर दिला त्याच्याच मस्तकावर हात ठेवायला निघालेला भस्मासुर पाहिला की निवडणुकीचे निम्मे शास्त्र समजते, हा त्यांचा आवडता विनोद.

दुसरा मान १९५४ च्या जपानी 'गोजिरा'चा. हिरोशिमा आणि नागासाकीला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बाँब चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. तशाच चाचण्यांनी सागरतळातून जागा झालेला राक्षस इशिरो होंडा यांनी पडद्यावर आणला. पण अण्णांना त्यातील राक्षसापेक्षा संसदेचा प्रसंग अधिक आवडतो. या संकटाचे कारण जनतेला सांगावे की दडवावे, यावर तेथे खडाजंगी होते. सांगितले तर परराष्ट्र संबंध बिघडतील, असे एक बाजू म्हणते. सत्य जाहीर झालेच पाहिजे, असे महिला सदस्य ठणकावतात. राक्षस दाराशी आला असताना चर्चा चालते ती कोणी काय बोलू नये याची, हे अण्णांना फार ओळखीचे वाटते.

तिसरा चित्रपट 'जॉज', १९७५ चा. चित्रीकरणात यांत्रिक शार्क सारखा बिघडे, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी तो बराच वेळ दाखवलाच नाही. पाणी, संगीत आणि माणसांचे चेहरे यांवर भागवले. न दिसणाऱ्याची भीती दिसणाऱ्यापेक्षा मोठी असते, हे त्यातून सिद्ध झाले. गावाचे उन्हाळी उत्पन्न बुडू नये म्हणून किनारा खुला ठेवणारा नगराध्यक्ष हे त्यातील अण्णांचे लाडके पात्र. १९७८ च्या दुसऱ्या भागात तेच महाशय पुन्हा खुर्चीवर दिसतात. "माणसे खाल्ली गेली, पण हे निवडून आले," असे म्हणून अण्णा मनापासून हसतात.

त्यांची निवडणुकीविषयीची मतेही अशीच, अर्धी विनोदात आणि अर्धी गंभीर. आपले मत कोणाला, हे त्यांनी आजवर पत्नीलाही सांगितलेले नाही. गुप्त मतदान हा केवळ हक्क नसून सभ्यता आहे, असे ते मानतात. 'नोटा'चे बटण २०१३ पासून मिळाले, पण त्याला सर्वाधिक मते पडली तरी विधानसभेत पुढचा उमेदवारच निवडून येतो, म्हणून ते त्यांना दुकानातील तक्रारवहीसारखे वाटते. विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांची खर्चमर्यादा आहे, हे वाचून ते चष्मा पुसतात. कोणताही पक्ष पूर्ण चांगला नाही आणि पूर्ण वाईट नाही; प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा अंश असतो. ही आपली वृत्ती अनेकान्तातून आली आहे, असे ते अभिमानाने सांगत.

२०२४ च्या वर्षाने या वृत्तीची परीक्षा पाहिली. कळंब इंदापूर विधानसभा मतदारसंघात आहे आणि तो मतदारसंघ बारामती लोकसभेत. ७ मे रोजी लोकसभेसाठी सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद आणि भावजय, समोरासमोर होत्या; सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी विजयी झाल्या. नोव्हेंबरमध्ये बारामती विधानसभेत काका आणि पुतणे समोरासमोर आले. तेथे अजित पवार यांनी युगेंद्र पवार यांचा लाखाच्या फरकाने पराभव केला. इंदापुरात २०१४ आणि २०१९ प्रमाणेच दत्तात्रय भरणे आणि हर्षवर्धन पाटील हेच मुख्य प्रतिस्पर्धी होते आणि तिसऱ्यांदाही भरणे निवडून आले. पाटील पहिल्या वेळी काँग्रेसचे, दुसऱ्या वेळी भाजपचे आणि तिसऱ्या वेळी शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार होते. भरणे यांचा पक्ष मध्यंतरी दुभंगला होता आणि ते अजित पवार यांच्या बाजूला होते. मे महिन्यात हे दोन्ही नेते एकाच युतीत होते, नोव्हेंबरमध्ये विरोधात. नेत्यांना बाजू बदलणे जमते; कार्यकर्त्यांना मात्र सहा महिन्यांपूर्वीच्या मित्राला राक्षस ठरवावे लागते. तो ठरविल्याशिवाय प्रचाराला जोर येत नाही, असे अण्णांचे निरीक्षण होते.

त्यांचे धाकटे बंधू असेच एक तडफदार कार्यकर्ते. दोघांची घरे एका भिंतीची. कोणाच्या बाजूचे, हे येथे महत्त्वाचे नाही; जे घडले ते दुसऱ्या बाजूकडूनही घडू शकले असते. सोमवार, १८ नोव्हेंबरच्या सायंकाळी जाहीर प्रचार थांबला आणि कुजबुज सुरू झाली. मंगळवारी सकाळी गावातील अनेकांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागला: अण्णांच्या दुकानातील हमालाने आदल्या रात्री वस्तीवर विरोधकांची पाकिटे वाटली. मजकूर बंधूंनीच पुढे पाठवला होता. त्यापुढे त्या हंगामातील सर्वांत स्वस्त शब्द लिहिला होता, 'गद्दार'.

अण्णांनी तो वाचला. तो हमाल वीस वर्षे त्यांच्याकडे होता. सोमवारी उशिरा आलेल्या मालमोटारीतून तो रात्री नऊपासून साडेअकरापर्यंत पोती उतरवीत होता आणि प्रत्येक पोते अण्णांनी स्वतः वहीत मांडले होते. मजकूर खोटा होता, हे साऱ्या गावात सर्वांत निश्चितपणे अण्णांनाच ठाऊक होते.

ते गप्प राहिले. बोलावे तर सख्खा भाऊ खोटा ठरतो. दोन्ही बाजूंची गिऱ्हाइके. आणि मतदानाच्या तोंडावर आपण कोणाची तरी बाजू घेतली असे दिसेल. दोन दिवसांत सारे विसरतील, असे त्यांनी स्वतःला समजावले. बुधवारी मतदान झाले, शनिवारी निकाल लागला, गुलाल उधळला गेला. हमाल मंगळवारपासून कामावर आला नव्हता. अण्णांनी चौकशी केली नाही.

रविवारी संध्याकाळी बारा वर्षांच्या नातीने हट्ट धरला, म्हणून त्यांनी 'जॉज' लावला. एका लहान मुलाचा शार्कने बळी घेतल्यानंतर त्याची आई काळ्या कपड्यांत येते आणि पोलीस प्रमुखाच्या थोबाडीत मारते, तो प्रसंग आला. त्याआधीच एक मुलगी दगावली आहे, हे त्या प्रमुखाला ठाऊक होते, तरी दबावाखाली तो गप्प बसला होता. नगराध्यक्ष शेजारीच उभा असतो. तो म्हणतो की त्या बाईंची चूक होते आहे. प्रमुख म्हणतो, चूक नाही.

"आबा, तिने नगराध्यक्षाला का नाही मारले? किनारा तर त्याने उघडा ठेवला."

"हा चांगला माणूस होता म्हणून," अण्णा म्हणाले, "आणि याला माहीत होते म्हणून."

पुढचा चित्रपट नातीने एकटीनेच पाहिला. इतकी वर्षे अण्णा त्या नगराध्यक्षाला हसत आले होते. थोबाडीत खाणाऱ्या सज्जनाकडे त्यांचे लक्ष गेलेच नव्हते. त्या रात्री त्यांना सप्तभंगीतला चौथा भंग आठवला, 'अवक्तव्य'. वस्तूचे अनंत धर्म एकाच वेळी शब्दांत मांडता येत नाहीत, म्हणून ती अवक्तव्य. पण सोमवारी रात्री पोती कोणी उतरवली, हे अवक्तव्य नव्हते. ते वहीत लिहिलेले होते. 'स्यात्' हा शब्द विचार करून बोलण्यासाठी आहे, न बोलण्यासाठी नाही. शार्क आणि पोहणारी मुले यांच्या मधोमध उभे राहण्याला मध्यममार्ग म्हणत नाहीत.

सोमवारी सकाळी त्यांनी ज्या गटात तो मजकूर फिरला होता, तेथेच तीन वाक्ये लिहिली. अमुक रात्री अमुक वेळेत हे गृहस्थ माझ्या दुकानात काम करीत होते. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. न बोलल्याबद्दल मी त्यांची आणि गावाची क्षमा मागतो. भावाचे नाव त्यांनी लिहिले नाही. लिहिण्याची गरजही नव्हती. मग ते पायी वस्तीवर गेले.

हमालाने त्यांना ओसरीवर बसायला पोते अंथरले, चहा दिला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "अण्णा, तवाच बोलला असता तर पोरगं साळंत गेलं असतं." मुलाला शाळेत 'पाकीटवाल्याचा' म्हणून चिडवले होते आणि तो तेव्हापासून घरी बसून होता. अण्णांजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलाला शाळेपर्यंत पोचवायला हमालाबरोबर तेही गेले. गुरुजींना काय ते सांगितले. हमाल गुरुवारी कामावर आला.

काही गिऱ्हाइके तुटली, त्यांतली काही परतली. बंधूंनी मात्र बोलणे टाकले. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येई, एवढेच. सणावाराचा फराळ बायका एकमेकींकडे पोचवीत. भाऊ येत नसे. अण्णांनाही वाटे, आपण आधी भावाला एकांतात सांगायला हवे होते. मंगळवारी सकाळीच सांगितले असते, तर त्याने स्वतःच तो मजकूर मागे घेतला असता. उशिरा बोललेल्या सत्याची किंमत वाढते आणि ती दुसऱ्यालाही भरावी लागते.

पुढच्या वर्षीच्या क्षमावाणीला संध्याकाळी दारात बंधू उभे होते. दोघांनी हात जोडले. 'मिच्छामि दुक्कडं' दोघांनी एकाच वेळी म्हटले, त्यामुळे आधी कोणी म्हटले हे ठरले नाही. निवडणुकीचा विषय निघाला नाही. थोडा वेळ गप्प बसल्यावर बंधू दूरचित्रवाणीकडे पाहत म्हणाले, "आज कोणता राक्षस?"

"काँग," अण्णा म्हणाले. "बैस. शेवटी रडायला येतं, आधीच सांगतो."