उन्हाळ्यातील कान्हेरीची वाट

वैशाखाचे ऊन आणि मुलांची सुट्टी एकाच वेळी येते. चाळीतल्या लहान खोलीत मुले दिवसभर उकडतात आणि गावी जाण्याइतकी रजा व पैसा सर्वांकडेच असतो असे नाही. अशा कुटुंबांना एका दिवसात जाऊन येता येईल असा डोंगर म्हणजे बोरिवलीचा कान्हेरी. गेल्या मे महिन्यात ठाकूरद्वारहून आम्ही चौदा जण गेलो होतो; त्यात पाच मुले व दोन वयस्क भगिनी होत्या. इतरांना उपयोग व्हावा म्हणून वाटेची माहिती देत आहोत.

चर्नी रोडहून पहाटेची लोकल धरावी. बोरिवलीला पूर्वेस उतरले की राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार पायी गाठता येते. सोमवारी उद्यान बंद असते. प्रवेशद्वारापासून लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. डांबरी रस्ता चांगला आहे, चढ बेताचा आहे. परंतु सागाची पाने उन्हाळ्यात गळून पडतात, त्यामुळे झाडी असूनही पुष्कळ ठिकाणी सावली मिळत नाही. म्हातारी माणसे बरोबर असल्यास वाहनाची सोय प्रवेशद्वाराशीच विचारून घ्यावी.

खरी परीक्षा लेण्यांपासून पुढे आहे. येथे शंभराहून अधिक लेणी डोंगरभर पसरलेली आहेत. खडकात कोरलेल्या पायऱ्या शेकडो वर्षांच्या वर्दळीने झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. वरच्या पायवाटांवर सुटा मुरूम आणि वाळलेला पाचोळा असतो; चढताना जाणवत नाही, उतरताना पाय घसरतो. चपला नकोत, कॅनव्हासचे बूट बरे. दहानंतर काळा कातळ तापतो, हात टेकवत नाही. माकडे पिशव्या ओढतात, म्हणून डबा झाकून ठेवावा.

साडेदहाच्या सुमारास आमच्यातील एका मावशींना घेरी आली. त्यांना जवळच्या लेण्यात नेऊन ओट्यावर निजवले, ओला रुमाल कपाळावर ठेवला आणि मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावे. अर्ध्या तासात त्या बोलू-हसू लागल्या. बाहेर कातळ भाजत होता आणि आत चांगला गारवा होता. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्यावे आणि उन्हाचा जोर वाढण्याआधी, अकराच्या आत, वरून खाली यावे, असे आमचे सांगणे आहे.

पाण्यावरून मुलांनी विचारले, भिक्खू येथे उन्हाळा कसा काढीत? उत्तर समोरच होते. लेण्यालेण्यापाशी खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. पावसाचे पाणी टाक्यात आणणारे पाटही कातळात कोरले आहेत. काही टाक्यांत मे महिन्यातही पाणी दिसते. मात्र ते आता पिण्याजोगे नाही, मुलांना हात लावू देऊ नये.

ही लेणी कल्याण, सोपारा, नाशिक येथील लोकांच्या दानातून घडली. दात्यांत व्यापारी होते, तसे कारागीरही होते. कल्याणच्या एका लोहाराने येथे वाट दान केल्याचा शिलालेख आहे. कोणी लेणे दिले, कोणी टाके दिले. त्याने लोकांच्या पायाखालची वाट दिली. कान्हेरीला जाल तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील बुद्धाच्या उंच मूर्ती मुलांना दाखवाच, पण पायऱ्या चढताना त्या लोहाराविषयीही सांगा. गिरणीत, गोदीत, कारखान्यात राबलेल्या घरांतील मुलांना ते लगेच समजेल. आणि त्या वाटेवर आपली एकही रिकामी बाटली मागे राहणार नाही, एवढे आपण नक्कीच करू शकतो.